मोजणी आणि रुजुवात : मराठी संशोधनाचा प्रभाव आणि त्याचा पुरावा

१

'प्रभाव' ही संज्ञा मराठी समीक्षेला नवी नाही. केशवसुतांच्या कवितेवरील इंग्रजी कवितेचा प्रभाव, मर्ढेकरांच्या कवितेवरील संतकवितेचा प्रभाव, आधुनिक मराठी समीक्षेवरील संस्कृत साहित्यशास्त्राचा आणि पाश्चात्त्य विचाराचा प्रभाव हे विषय अनेक पिढ्यांच्या प्रबंधांतून आणि लेखांतून चर्चिले गेले आहेत. या चर्चेतून एक शिस्त हळूहळू तयार झाली. दोन संहितांत साम्य दिसले म्हणजे प्रभाव सिद्ध झाला, असे कोणताही जबाबदार अभ्यासक म्हणत नाही. नंतरच्या लेखकाचा आधीच्या लेखनाशी संपर्क आला होता काय, त्याने त्यातून काय घेतले, काय नाकारले आणि जे घेतले त्याचे रूप कसे बदलले, हे दाखवावे लागते. प्रभाव हा निष्कर्ष असतो, आणि निष्कर्षापूर्वी वाचन असते.

विद्यापीठीय अध्यापकाच्या पदोन्नतीच्या कागदपत्रांत मात्र हीच संज्ञा वेगळ्या अर्थाने अवतरते. तेथे 'संशोधनाचा प्रभाव' म्हणजे एक संख्या असते. लेख कोणत्या नियतकालिकात आला, त्या नियतकालिकाचा प्रभाव-निर्देशांक किती, लेखाचे संदर्भ किती ठिकाणी घेतले गेले, या संख्यांची बेरीज स्थाननिश्चितीच्या प्रस्तावाला जोडली जाते. विद्यार्थ्याच्या प्रबंधात 'केवळ साम्यावरून प्रभावाचा निर्णय देऊ नये' असा शेरा लिहिणारा मार्गदर्शक स्वतःच्या प्रस्तावात हा अर्थ मुकाट्याने स्वीकारतो. ही विसंगती केवळ कार्यालयीन नाही. आपल्या ज्ञानशाखेने जी समज कमावली, ती आपल्याच कामाचे मूल्य ठरविताना ती शाखा सोडून देते, असा तिचा अर्थ होतो.

जुन्या दप्तरव्यवहारात 'रुजुवात' नावाची एक क्रिया होती. मूळ कागद आणि नक्कल, किंवा जमाखर्चाच्या दोन वह्या, समोरासमोर ठेवून नोंद नोंदीशी पडताळणे म्हणजे रुजुवात. मोजणीत किती नोंदी आहेत हे कळते. रुजुवातीत नोंद खरी आहे काय आणि ती कशाची आहे, हे कळते. मराठीतील संशोधनाच्या प्रभावाची मोजणी पुरेशी झाली आहे. रुजुवात क्वचितच झाली आहे. ती का झाली नाही आणि कशी करता येईल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

मोजणीची ही पद्धत कोठून आली, हे प्रथम पाहावयास हवे. १९५५मध्ये युजीन गार्फील्ड यांनी विज्ञानातील लेखांच्या संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली. त्यांच्यापुढे नमुना होता तो अमेरिकी वकिलांच्या वापरातील एका जुन्या संदर्भसाधनाचा. शेपर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या सूचीत एखाद्या न्यायनिर्णयाचा पुढे कोणकोणत्या निर्णयांत उल्लेख झाला, हे दिलेले असे. पण तेवढेच नव्हे. पुढच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला, फिरविला, की त्याची व्याप्ती मर्यादित केली, हेही खुणांनी दर्शविलेले असे. वकिलाला उल्लेखांची संख्या नको होती. आधाराला घेतलेला निर्णय अजून उभा आहे की कोसळला आहे, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. विज्ञानाच्या सूचीत उल्लेख आला, उल्लेखाचा प्रकार मात्र मागे राहिला. संदर्भ समर्थनासाठी होता की खंडनासाठी, हे कळण्याची सोय गेली आणि बेरीज करण्याची सोय झाली.

प्रभाव-निर्देशांकाचा जन्म याच सूचीच्या परिसरातला. एखाद्या नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो सांगतो. कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत, ग्रंथालयाने कोणती मागवावीत, यासाठी ते उपयुक्त साधन होते. व्यक्तीचे किंवा एका लेखाचे मूल्य त्यातून काढावयाचे नव्हते. २००५मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचविलेला 'एच' निर्देशांक व्यक्तीला लागू होतो, हे खरे. पण त्याचाही आधार संदर्भांची संख्या हाच आहे.

अमेरिकी विद्यापीठांत 'टेन्यूर', म्हणजे सेवेची कायम हमी, देताना संख्यांबरोबर बाहेरच्या तज्ज्ञांची सविस्तर मतपत्रे मागविण्याची प्रथा आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या विनियमांनी गुणांकाची जी योजना आणली, तिच्यात भर पडला तो तक्त्यावर. मूळ तक्त्यात परीक्षित नियतकालिकातील लेखाला १५ गुण होते, राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाच्या ग्रंथाला २५, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला ५०, आणि 'अन्य स्थानिक' प्रकाशकाच्या ग्रंथाला १५. याचा अर्थ असा की, ज्या ग्रंथासाठी अभ्यासकाने दहा वर्षे वेचली तो गावातल्या प्रकाशकाने काढला, तर त्याचे वजन एका लेखाइतके. लेखाच्या गुणांत नियतकालिकाच्या प्रभाव-निर्देशांकानुसार वाढ करण्याचीही तरतूद होती. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या संस्थेने हा निर्देशांक जगभर रूढ केला, तिने केवळ कला व मानव्यविद्यांच्या सूचीत असलेल्या नियतकालिकांना २०२३पर्यंत तो दिलाच नव्हता. या विद्यांत संदर्भ सावकाश साचतात आणि दोन वर्षांचे माप त्यांना लागू पडत नाही, हे तेथे गृहीत होते. जे माप मापकर्त्याने स्वतः बाजूला ठेवले होते, ते येथील तक्त्यात सर्व विद्यांसाठी बसले.

२०१८च्या विनियमांत ही योजना सुटसुटीत झाली. भाषा आणि मानव्यविद्यांतील लेखाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथालाही १०, ग्रंथाच्या संपादनाला ८, अनुवादित ग्रंथाला ८. प्राध्यापकपदाच्या थेट निवडीसाठी किमान दहा प्रकाशने आणि १२० गुण अशी अट आली. पोथ्यांच्या पाठसंपादनाला या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. ते 'ग्रंथाचे संपादन' या रकान्यात बसवावे लागते. चर्चासत्रातील निबंध एकत्र बांधून केलेला संग्रह आणि अनेक प्रती जुळवून सिद्ध केलेली संहिता या दोहोंना तेथे एकच स्थान आहे.

परिणाम अपेक्षितच होता. जेथे गुण होते, तेथे लेखन गेले. प्रक्रियाशुल्क घेऊन लेख छापणारी नियतकालिके आणि चर्चासत्रांचे जाडजूड अंक वाढले. आयोगाने २०१७मध्ये मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली. तिच्यातील विद्यापीठांनी सुचविलेल्या भागाची पाहणी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील आणि अन्य संशोधकांनी केली. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १००९ नियतकालिके तपासली गेली, आणि त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. काहींनी प्रभाव-निर्देशांकाविषयी खोटे दावे केले होते, काहींचे नोंदणीक्रमांक चुकीचे होते. त्यानंतर २०१९मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. दरम्यान, जानेवारी २०२५मध्ये आयोगाने चर्चेसाठी प्रसृत केलेल्या मसुद्यात गुणांच्या बेरजेऐवजी 'उल्लेखनीय योगदाना'ची कसोटी सुचविली गेली. याद्या येतात आणि जातात. पण 'उल्लेखनीय' म्हणजे काय, आणि त्याचा उल्लेख कोणी, कसा करावयाचा, हा प्रश्न यादीने सुटणारा नव्हता आणि यादी गेल्याने सुटलेलाही नाही.

३

संदर्भांच्या मोजणीमागे एक गृहीतक आहे : अभ्यासक आपले ऋण नोंदवितो. ज्याचे घेतले, त्याचे नाव तळटीपेत येते; म्हणून तळटीपा मोजल्या की ऋण मोजले जाते. मराठी समीक्षेच्या व्यवहारात हे गृहीतक कितपत खरे आहे? 'अनुल्लेखाने मारणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत रूढ आहे, त्या भाषेत तरी ते तपासून घ्यावे लागेल. मराठीतील अनुल्लेखाचे किमान तीन प्रकार वेगळे करता येतात.

पहिला प्रकार या वाक्प्रचारातच सांगितलेला आहे. प्रतिपक्षाचे लेखन वाचलेले असते, त्याने अस्वस्थताही आलेली असते. पण त्याचे नाव घेतल्याने त्याला प्रतिष्ठा मिळेल, म्हणून ते घेतले जात नाही. उत्तर दिले जाते, ते कोणाला हे सांगितले जात नाही. 'काही टीकाकारांचे असे मत आहे' या वाक्याने सुरू होणारे मराठी परिच्छेद चाळले, तर या प्रकाराचा अंदाज येतो. येथे प्रभाव तीव्र असतो आणि त्याची खूण जाणीवपूर्वक पुसलेली असते.

दुसरा प्रकार याच्या उलट, आत्मसात होण्याचा. विचार इतका पसरतो की तो कोणाचा, हे सांगण्याची गरज उरत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी रूढ केलेला 'लेखकराव' हा शब्द वर्तमानपत्री स्फुटापासून पदव्युत्तर उत्तरपत्रिकेपर्यंत सर्वत्र आढळतो. वापरणारा दर वेळी मूळ लेखाचा हवाला देत नाही, आणि त्याने तो द्यावा अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. 'देशीवाद' या संज्ञेचेही तसेच झाले. तिच्या बाजूने आणि विरुद्ध झालेल्या वादात मूळ मांडणी उद्धृत करणारे थोडे आणि संज्ञेला स्वतःचा अर्थ देणारे पुष्कळ आहेत. संज्ञा भाषेत विरघळणे हे समीक्षकाचे सर्वांत मोठे यश मानावयास हवे. मोजणीच्या वहीत मात्र या यशाची नोंद होत नाही. जितका प्रभाव पूर्ण, तितका संदर्भ अनावश्यक, असा हा उलटा हिशेब आहे.

तिसरा प्रकार सोयीचा, म्हणजे खरे पाहता आळसाचा. उतारा एखाद्या मार्गदर्शक पुस्तकातून उचललेला असतो. पण संदर्भसूचीत मूळ ग्रंथाचे नाव, प्रकाशन आणि वर्ष दिलेले असते. ज्याच्या पुस्तकातून उतारा आला, त्याचा उल्लेख नाही, आणि जो ग्रंथ उघडलाही नाही, त्याचा उल्लेख आहे. या ठिकाणी मोजणी दोन्ही बाजूंनी चुकते. ऋण असते तेथे शून्य पडते, आणि ऋण नसते तेथे एकाची भर पडते.

उल्लेख झाला, तरी प्रश्न संपत नाही. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५मध्ये प्रसिद्ध झाले. संवाद, विरोध आणि समतोल या लयींची त्यांची मांडणी पुढच्या सौंदर्यशास्त्रीय विचाराला पुरून उरली. पण ती मान्य झाली म्हणून नव्हे. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) तिची कसून तपासणी आहे, आणि अन्य अभ्यासकांनीही तिच्यातील अडचणी दाखविल्या आहेत. मर्ढेकरांचा सिद्धान्त ज्यांना पटला नाही, त्यांनीच तो जिवंत ठेवला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. एखादी मांडणी इतकी नेमकी असते की तिचे खंडन करण्यासाठी पुढच्या विचारवंताला स्वतःची तात्त्विक चौकट उभारावी लागते. हा प्रभावाचा उच्च प्रकार आहे. शेपर्डच्या सूचीत अशा ठिकाणी वेगळी खूण पडली असती. संदर्भसंख्येत खंडनासाठी केलेला विस्तृत ऊहापोह आणि सौजन्यापोटी दिलेली एका ओळीची तळटीप, दोन्ही एकच भरतात.

४

प्रकाराप्रमाणेच काळाचाही प्रश्न आहे. स्थाननिश्चितीचा प्रस्ताव ठरावीक वर्षांच्या टप्प्याचा असतो. त्या टप्प्यात जे छापले गेले आणि ज्याला प्रतिसाद आला, तेवढेच दाखविता येते. मराठी संशोधनातील ठळक कामे या टप्प्यात मावत नाहीत.

वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याचे २२ खंड झाले. गेल्या सव्वाशे वर्षांत मराठेशाहीवर लिहिणाऱ्याला त्यांच्याकडे वळल्यावाचून गत्यंतर नव्हते. अभ्यासकांनी हे कागद पुन्हा तपासले, काहींचे वाचन दुरुस्त केले, राजवाड्यांच्या प्रस्तावनांतील सिद्धान्त नाकारले. पण खंड वापरातून गेले नाहीत. या कामाचा प्रभाव दाखवावयाचा तर इतिहासलेखनाचा पाया कसा बदलला, हे सांगावे लागेल. तो बदल एका माणसाच्या सेवाकाळातही मावणारा नव्हता.

रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४चा. विठ्ठलाच्या दैवतरूपाची घडण लोकधर्मातून, पुराणांतून आणि सीमाप्रदेशातील सांस्कृतिक देवाणघेवाणीतून उलगडणारा हा ग्रंथ महाराष्ट्रात वाचला गेला, त्याच्यावर वाद झाले आणि १९८७मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने २०११मध्ये काढला. मधल्या २७ वर्षांत मराठी न वाचणाऱ्या धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला त्यातील युक्तिवाद समग्रपणे उपलब्ध नव्हता. इंग्रजी संदर्भांच्या आधारावर या ग्रंथाच्या प्रभावाचा आलेख काढला, तर तो २०११च्या सुमारास उसळी घेईल. ती उसळी अनुवादाची तारीख सांगेल. ग्रंथाने १९८४पासून मराठी विचारात काय केले, याविषयी ती काहीही सांगणार नाही.

नियतकालिकांची स्थिती याहून बिकट आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याच्या सैद्धान्तिक चर्चेला व्यासपीठ दिले. दलित साहित्याची व्याख्या, त्याची प्रेरणा, त्याचे सौंदर्यशास्त्र वेगळे असावे काय, हे प्रश्न तेथे आणि अशाच मोजक्या साधनांवर चालणाऱ्या नियतकालिकांत लढविले गेले. त्यांचे उत्तर देण्यासाठी मराठीतील प्रस्थापित समीक्षेला आपली परिभाषा तपासून पाहावी लागली. परीक्षित आणि अपरीक्षित अशी विभागणी करणाऱ्या तक्त्यात त्या काळातील या लेखनाला काय स्थान मिळाले असते, याची कल्पना करता येते. लघुनियतकालिकांचा तर प्रश्नच नको. मराठी समीक्षेने स्वतःला बदलण्याचे काम जेथे केले, त्या जागा मोजणीच्या नकाशावर नाहीत.

अशोक केळकरांचे उदाहरणही बोलके आहे. भाषा, साहित्य आणि कलाविचार यांवरील त्यांचे लेखन अनेक दशके नियतकालिकांतून विखुरलेले होते. ते 'रुजुवात' या ग्रंथात एकत्र आले आणि २०१०मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सुट्या लेखांचा परस्परसंबंध ग्रंथरूपानंतरच अनेकांच्या ध्यानात आला. ग्रंथाचे नाव केळकरांनी अकारण निवडले नसावे. समीक्षा म्हणजे पडताळणी, ही भूमिका त्या एका शब्दात सामावलेली आहे.

५

मोजणी अपुरी असेल, तर तिच्याऐवजी काय? जगभर या प्रश्नाचा विचार झाला आहे. २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाचा निर्देशांक व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरू नये, असे आवाहन केले. २०१५च्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वे मांडली. स्थानिकदृष्ट्या महत्त्वाच्या संशोधनातील गुणवत्तेला संरक्षण द्यावे, हे त्यांपैकी एक. ब्रिटनमध्ये २०१४च्या राष्ट्रीय मूल्यमापनात संशोधनाच्या प्रभावाला २० टक्के भार दिला गेला आणि त्यासाठी विद्यापीठांकडून वृत्तान्त मागविले गेले. संशोधन काय होते, विद्यापीठाबाहेर त्याने काय बदलले, पुरावा कोणता, हे साधारण चार पानांत सांगावयाचे. २०२१च्या फेरीत हा भार २५ टक्क्यांवर गेला.

प्रभावाचा वृत्तान्त हा नवा गद्यप्रकार म्हणता येईल, आणि गद्यप्रकार म्हणून त्याचे वाचन करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. त्याची रचना ओळखीची आहे. आरंभी एक उणीव असते, मग संशोधक येतो, मग अडचणी, आणि अखेर बदललेले जग. कथानक सरळ चालते. योगायोग, सहकारी, पूर्वसूरी आणि फसलेले प्रयत्न बाजूला पडतात. निवेदक आणि नायक एकच असल्यामुळे त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उपस्थित होतो. आत्मचरित्राच्या समीक्षेने जे प्रश्न विचारले, तेच येथे विचारावे लागतात. म्हणून संख्येऐवजी वृत्तान्त आणला की न्याय झाला, असे समजण्याचे कारण नाही. आत्मस्तुतीची मोजणी करता येत नाही, एवढाच काय तो फरक पडेल.

वृत्तान्ताला रुजुवातीचे स्वरूप द्यावयाचे तर तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, दावा नेमका असावा. एखाद्या अध्यापकाने जुन्या पोथीचे संपादन केले असेल, तर 'मराठी संशोधनात मोलाची भर' हा दावा निरुपयोगी आहे. पूर्वीच्या मुद्रित प्रतीत अमुक ठिकाणी अमुक पाठ होता, त्यावर अमुक अर्थ उभा होता, नव्या पाठाने तो टिकत नाही, हा दावा पडताळता येतो. दुसरी, साक्ष दुसऱ्याची असावी आणि तिचा प्रकार सांगितलेला असावा. नव्या पाठाचा स्वीकार कोणी केला, कोणी विरोध केला, कोणी नाव न घेता वापरला, हे मूळ आणि नंतरचा उतारा शेजारी ठेवून दाखविता येते. अनुल्लेखाचाही असा पुरावा देता येतो. प्रभाव-अभ्यासाने ती पद्धत आपल्याला शिकविलेली आहे. तिसरी, विरुद्ध पुरावा दडविलेला नसावा. ज्या परीक्षणाने संपादनातील चुका दाखविल्या, त्याचा निर्देश प्रस्तावात असावा. कठोर परीक्षण ओढवून घेणारे काम न वाचलेल्या कामापेक्षा वरचढ असते, हे निवड समितीला समजावे, अशी अपेक्षा अवास्तव नाही.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यावयास हवा. गुणांची पद्धत भारतात निव्वळ नोकरशाहीच्या हौसेने आली नाही. मराठीचे विद्याविश्व लहान आहे. निवड समितीतील तज्ज्ञ, उमेदवाराचा मार्गदर्शक आणि त्याचा प्रतिस्पर्धी हे पुष्कळदा एकमेकांच्या परिचयाचे असतात. 'दर्जा' आणि 'व्यासंग' यांच्या नावाने जे निर्णय झाले, त्यांत गट, जात आणि गाव यांचा वाटा किती होता, हे तालुक्याच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या, घरात पहिल्यांदाच पदवीधर झालेल्या अध्यापकाला सांगावे लागत नाही. त्याच्यासाठी तक्ता हे संरक्षण होते. कोणाची ओळख नसली, तरी १० गुण १०च राहतात. वाचनाधिष्ठित मूल्यमापनाचा पुरस्कार करणाऱ्याने हे विसरले, तर तो जुन्या मक्तेदारीची वाट मोकळी करील.

हा आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी म्हणता येतात. तक्त्याने दिलेले संरक्षण अर्धेच होते. कारण गुण मिळविण्याची साधने, म्हणजे शुल्क भरण्याची ऐपत, चर्चासत्रांना जाण्याची सोय, इंग्रजीतून लिहिण्याची सवय, ही समान वाटलेली नव्हती. आणि दुसरे असे की, मक्तेदारी वाचनातून येत नाही, ती न सांगितलेल्या कारणांतून येते. बंद दाराआडच्या 'आम्हांला दर्जा वाटला नाही' या वाक्याला तोड संख्या नव्हे. लेखी, सकारण आणि आव्हान देता येईल असा अभिप्राय ही आहे. समितीतील तज्ज्ञाने उमेदवाराचे कोणते लेखन वाचले, त्यातील कोणता मुद्दा त्याला पटला किंवा पटला नाही, हे त्याने स्वाक्षरीनिशी लिहावे आणि ते उमेदवाराला वाचावयास मिळावे. रुजुवात दोन्ही वह्यांची होते. उमेदवाराच्या दाव्याची होते तशी परीक्षकाच्या वाचनाचीही व्हावयास हवी.

६

यापुढचा प्रश्न आयोगाचा किंवा विद्यापीठाचा नाही, तो मराठी समीक्षेचा आहे. रुजुवातीसाठी कागद लागतात, आणि ते कागद तयार करण्यात ही समीक्षा उदासीन राहिली आहे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे तिचा विस्तार १९५०पर्यंत नेला. दाते, काळे आणि बर्वे यांनी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. ज्या कामाशिवाय कोणताही प्रबंध सुरू होऊ शकत नाही, ते काम अशा सूचिकारांनी केले. त्यांच्या नावाचा उल्लेख किती प्रबंधांत सापडेल? सूचिकार हा सर्वांत अधिक वापरला जाणारा आणि सर्वांत कमी उल्लेखला जाणारा अभ्यासक आहे.

समीक्षाग्रंथ आजही अनेकदा नामसूची आणि विषयसूचीवाचून छापले जातात. त्यामुळे कोणत्या ग्रंथात कोणाच्या विचाराचा परामर्श घेतला आहे, हे संपूर्ण ग्रंथ वाचल्याखेरीज कळत नाही. परीक्षणे परिचयापुरती उरली आहेत. आणि ज्या ग्रंथाचे परखड परीक्षण झाले नाही, त्याच्या प्रभावाविषयी दहा वर्षांनी कोणी काय सांगावे? तळटीप हा पांडित्याचा दिखावा मानण्याची एक रीत आपल्याकडे रूढ झाली. ती रीत ज्यांनी पाळली, त्यांना आज संदर्भसंख्या आपल्याला न्याय देत नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकार थोडा कमीच पोहोचतो. आपण आपले ऋण नोंदविले असते, तर मोजणीदेखील इतकी खोटी पडली नसती.

यातून जे नुकसान होते, ते पदोन्नती हुकलेल्या अध्यापकापुरते मर्यादित नाही. आज नोकरीत येणारा तरुण अभ्यासक आपल्या पुढील दहा वर्षांचे काम निवडतो, तेव्हा तो तक्त्याकडे पाहतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मोडीतील दप्तरे, महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या, लघुनियतकालिकांचे सुटे अंक, बोलींचे शब्दसंग्रह ही कामे सावकाश होतात, आणि त्यांचा उपयोग दुसऱ्यांना, तोही पुष्कळदा नाव न घेता, होतो. तक्त्याच्या दृष्टीने ती तोट्याची आहेत. ती एका पिढीने टाळली, तर पुढच्या पिढीला ती करण्याचे कौशल्य शिकविणारा कोणी उरणार नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या प्राचीन वाङ्मयाच्या आधारावर तो मागितला गेला, ते वाङ्मय वाचनीय करून देणारे पाठसंपादक आणि कोशकार होते. त्यांच्या वाट्याला आजचा तक्ता आला असता, तर त्यांनी काय निवडले असते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

पदोन्नतीच्या प्रस्तावात शून्य आढळले, तर ते शून्य कशाचे आहे, हे विचारण्याची सवय प्रथम लागावयास हवी. ते न वाचलेल्या लेखाचे असेल, द्वेषाने गाळलेल्या नावाचे असेल, किंवा सर्वांच्या बोलण्यात मिसळून गेलेल्या विचाराचे असेल. वहीत तिन्ही सारखीच दिसतात. त्यांतील भेद वाचणाऱ्यालाच कळतो. आणि वाचणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी ते एकमेकांच्या बाबतीतही करावे, एवढीच यातील किमान अपेक्षा आहे.